गुळणीचा हिशेब: तान्ह्याच्या ‘अ‍ॅसिडिटी’वर किती खर्च करावा?

गेल्या पावसाळ्यात भाची घरी आली ती कडेवर बाळ आणि खांद्याच्या पिशवीत एक फुगलेली फाइल घेऊन. बाळ चार महिन्यांचं, टुणटुणीत. आल्या आल्या माझ्या खांद्यावर दह्यासारखी गुळणी टाकून त्यानं ओळख करून दिली. फाइल माझ्यासाठी होती. “मावशी, तू हे ग्राहकांचं लिहितेस ना, मग यातलं मेडिक्लेमला काय लागेल ते बघ.”

काहीच लागणार नव्हतं. बाह्यरुग्ण विभागातला खर्च त्यांच्या पॉलिसीत बसतच नव्हता. पण माझी खोड जात नाही, म्हणून बिलं तारखेप्रमाणे लावली आणि बेरीज केली. डॉक्टरांच्या चार भेटी, दर भेटीला ८०० प्रमाणे ३,२०० रुपये. औषधं १,४६०. पोटाची सोनोग्राफी १,८००. ‘उलटी कमी करणाऱ्या’ पावडरच्या दुधाचे दोन डबे १,७००. ऑनलाइन मागवलेली उतरती उशी १,१५०. रिक्षाचे ९६०. सात आठवड्यांत १०,२७० रुपये.

यात पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या होत्या फक्त ६४० रुपयांच्या. बाकी सगळं त्यांच्या पाठोपाठ आलं. गोळीनं फरक पडेना म्हणून थेंब आले, थेंबांनी पडेना म्हणून सोनोग्राफी झाली. ती नॉर्मल निघाली म्हणून अंगावरच्या दुधाच्या जोडीला डबा आला आणि डब्यानं शी घट्ट झाली म्हणून चौथी भेट. फाइलमधला एक कागद मात्र कुणी नीट पाहिला नव्हता, लसीकरणाच्या कार्डावरचं वजन. जन्माच्या वेळी ३ किलो, दहाव्या आठवड्यात, म्हणजे औषध सुरू झालं त्या दिवशी, ५ किलो १००. रोज सरासरी ३० ग्रॅम वाढ. पहिल्या तीन महिन्यांत बाळानं दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढावं अशी अपेक्षा असते. म्हणजे हे बाळ दूध टाकत होतं आणि बाळसंही धरत होतं. अशा बाळाला औषधाची गरज नसते. हे मी माझ्या मनानं सांगत नाही. अमेरिका आणि युरोपमधल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८मध्ये मिळून केलेल्या मार्गदर्शिकेत आणि ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१५च्या सूचनांतही हेच आहे. एरवी निरोगी असलेलं बाळ नुसतं दूध टाकतं म्हणून आम्लरोधक औषध देऊ नये. अमेरिका-युरोपच्या मार्गदर्शिकेनं तर ‘रडतं म्हणून’ हे कारणही बाद केलं आहे.

दूध वर येतं ते का, हे एकदा समजून घेतलं की पुढचा बराच खर्च आपोआप गळतो. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंचं एक दार असतं. तान्ह्यात ते अजून कच्चं असतं आणि अधूनमधून विनाकारण उघडतं. त्यात बाळाचा आहार सगळा पातळ आणि दिवसाचे बहुतेक तास ते आडवं. तीनचार महिन्यांच्या सुमारास निम्मी किंवा त्याहून जास्त बाळं रोज दूध टाकतात. बाळ बसायला लागलं, घट्ट खायला लागलं की हे कमी होतं आणि वर्ष-सव्वा वर्षापर्यंत बहुतेकांचं थांबतं.

आता ओमेप्राझोल, लॅन्सोप्राझोल, एसोमेप्राझोल, पँटोप्राझोल ही औषधं काय करतात? जठरात आम्ल तयार करणारे पंप बंद करतात. दार ती घट्ट करत नाहीत. म्हणून दूध वर यायचं ते येतंच, फक्त कमी आंबट येतं. शिवाय दूध प्यायल्यानंतर बराच वेळ दुधामुळेच पोटातलं आम्ल सौम्य झालेलं असतं. थोडक्यात, शर्टावर डाग पडू नये म्हणून औषध घेतलं तर डाग पडतोच आणि औषधाचे पैसेही जातात.

“पण औषधानंतर रडणं कमी झालं,” असं आई सांगते आणि ती खोटं बोलत नसते. एका चाचणीचे निष्कर्ष २००९मध्ये प्रसिद्ध झाले. रिफ्लक्समुळे, म्हणजे पोटातलं वर येण्यामुळे, रडतात असं वाटणारी १६२ बाळं घेतली, निम्म्यांना लॅन्सोप्राझोल दिलं, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रव. औषधवाल्या गटात ५४ टक्के बाळं सुधारली. दुसऱ्या गटातही बरोबर ५४ टक्के. बाळ चार आठवड्यांनी मोठं झालं, एवढंच दोन्हीकडे सारखं होतं. फरक पडला तो दुष्परिणामांत. गंभीर म्हणाव्यात अशा तक्रारी औषधवाल्या १० बाळांना झाल्या, दुसऱ्या गटात २ बाळांना.

दुष्परिणामांचा हा खर्च बिलावर येत नाही, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. पोटातलं आम्ल म्हणजे नुसती जळजळ नव्हे, तोंडावाटे आलेले जंतू मारणारी ती पहिली चौकी आहे. चौकी उठवली की जुलाब आणि न्यूमोनिया यांचा धोका वाढतो, असं मुलांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आतड्याच्या एका भयंकर आजाराशीही आम्ल कमी करणाऱ्या औषधांचा संबंध आढळला आहे. अमेरिकेत साडेआठ लाख मुलांच्या नोंदी तपासून २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पहिल्या वर्षात ओमेप्राझोलच्या जातीची औषधं मिळालेल्या मुलांत पुढे हाड मोडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी जास्त दिसलं. नोंदींवरून काढलेला हा संबंध आहे, तो कारण सिद्ध करत नाही. त्यामुळे ज्यांच्या बाळानं हे औषध घेतलं आहे त्यांनी घाबरून जायचं कारण नाही. पण ज्या औषधाचा फायदाच दिसत नाही, त्याच्यासाठी एवढी जोखीमही का घ्यावी, एवढाच माझा प्रश्न आहे.

मेडिकलच्या काउंटरवर

या औषधांची किंमत फसवी असते, कारण ती कमी असते. मोठ्यांच्या ओमेप्राझोल-पँटोप्राझोलच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात अगदी स्वस्त मिळतात. शिवाय २२ सप्टेंबर २०२५पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२वरून ५ टक्क्यांवर आला आहे. पण तान्ह्यासाठी मोजून देता येईल असं तयार पातळ औषध आपल्याकडच्या साध्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाही. मग पाण्यात विरणारी गोळी येते किंवा मोठ्यांची कॅप्सूल उघडली जाते. घरात चमच्यात गोळी विरवून त्यातलं ‘अंदाजे तिसरा हिस्सा’ बाळाला आणि उरलेलं मोरीत, हा प्रकार भाचीच्या घरी सात आठवडे चालला होता. म्हणजे विकत घेतलेल्या औषधातलं दोन तृतीयांश रोज मोरीत जात होतं आणि बाळाच्या पोटात नेमकं किती गेलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कॅप्सूलमधले दाणे तर वाटायचेच नसतात. हे औषध आम्लातच नासतं, म्हणून दाण्यांवर आवरण दिलेलं असतं. ते वाटून फोडलं की औषध आतड्यापर्यंत पोचण्याआधीच निकामी होतं. त्यात ते दुधाच्या अर्धा तास आधी द्यायचं. दर दोन तासांनी पिणाऱ्या बाळाच्या आईला हे सांगणाऱ्यानं एक रात्र तिच्या घरी काढावी.

रॅनिटिडिन या आम्ल कमी करणाऱ्या दुसऱ्या औषधाचं सिरप अजून बऱ्याच घरांत सापडतं. २०१९मध्ये त्यात एनडीएमए हा कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेला घटक आढळला आणि एप्रिल २०२०मध्ये अमेरिकेच्या नियामकानं ते बाजारातून काढून घ्यायला लावलं. भारतात ते विकलं जातं, पण २०२२च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते वगळलं गेलं. थोरल्या भावंडाच्या वेळची बाटली फ्रिजमध्ये असेल तर ती धाकट्याला देऊ नका. फेकून द्या.

आम्लाच्या औषधाच्या जोडीला उलटीवरच्या डोम्पेरिडोनचे थेंब लिहून देण्याची पद्धत आहे. त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून युरोपच्या नियामकानं २०१४मध्ये त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या. तान्ह्याच्या रिफ्लक्ससाठी ते तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय देऊ नये असं ‘नाइस’ही सांगते. चिठ्ठीवर दोन्ही नावं दिसली तर दुसरं कशासाठी, हे विचारल्याशिवाय उठू नका. मेडिकलवाल्यानं आपणहून ‘हे पण न्या, सगळे नेतात’ असं म्हटलं तर ते तिथेच ठेवून या. आणि बाळासाठी कुठलंही पातळ औषध घेतलं तर बॅच नंबर असलेलं पक्कं बिल घ्याच. २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या दूषित औषधानं मुलं दगावली. त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. अशा वेळी आपली बाटली कुठल्या बॅचची हे फक्त बिल सांगतं.

मग पैसे कशावर खर्च करायचे?

डॉक्टरांच्या वेळेवर. मुंबई-ठाणे-पुण्यात बालरोगतज्ज्ञाची फी साधारण ५०० ते १,००० रुपये आहे, मोठ्या रुग्णालयातल्या बालपोटविकारतज्ज्ञाची त्याहून जास्त. ८०० रुपये मला महाग वाटत नाहीत, बाळाला पाजताना समोर बसून कुणी पाहिलं तर. पकड नीट आहे का, एका वेळी जास्त पाजलं जातंय का, बाटलीचं छिद्र मोठं आहे का, ढेकर काढला जातो का, हे पाहायला पंधरावीस मिनिटं लागतात. चार मिनिटांत चिठ्ठी हातात आली तर मात्र तेच ८०० रुपये महाग पडले. भाचीच्या चारही भेटींत तिला कुणी बाळाला पाजून दाखवायला सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांना विचारायचं ते सरळ विचारा. बाळाचं वजन वयाप्रमाणे वाढतंय ना? हे औषध नेमकं कशासाठी, उलटीसाठी की अन्ननलिकेला सूज आहे असं वाटतंय म्हणून? कोणत्या तारखेला थांबवायचं? या शेवटच्या प्रश्नाला माझ्या लेखी सर्वांत जास्त किंमत आहे. औषध खरोखर लागणारी बाळंही असतात. अन्ननलिकेला जखमा झालेली, जन्मतः अन्ननलिका तुटक असल्यानं शस्त्रक्रिया झालेली, मेंदूविकार असलेली, दुधापासून तोंड फिरवणारी आणि वजन न धरणारी. त्यांना ते मिळायलाच हवं. पण त्यांच्यासाठीही चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासून ठरवायचं असतं. अमेरिकेच्या नियामकानं एक महिन्यावरच्या तान्ह्यांना एसोमेप्राझोलची परवानगी दिली ती आम्लानं अन्ननलिकेला जखमा झालेल्यांसाठी आणि सहा आठवड्यांपर्यंतच. चिठ्ठीवर थांबवण्याची तारीख नसेल तर तीच चिठ्ठी मेडिकलमध्ये सहा महिने चालते. ओमेप्राझोल हे शेड्यूल एचमधलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई असलेलं औषध, पण जुनी चिठ्ठी पुढे केली की नवी तारीख कोण विचारतं?

वजनाची तपासणी फुकट आहे. गावातल्या-वस्तीतल्या अंगणवाडीत दर महिन्याला बाळाचं वजन होतं आणि माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात ते भरलं जातं. तो आलेख डॉक्टरांपुढे ठेवा, कुठल्याही स्कॅनपेक्षा तो जास्त सांगतो. नुसत्या गुळणीसाठी सोनोग्राफी, बेरियमचा एक्स-रे किंवा दुधाचा स्कॅन याची गरज नसते. या तपासण्या असतात त्या दुसरं काही दडलेलं नाही ना ते पाहण्यासाठी. नळी घालून २४ तास चालणारी तपासणी मोजक्याच मोठ्या रुग्णालयांत होते, ती तर अगदीच निवडक बाळांसाठी.

पैसे नसतील म्हणून कुणी थांबू नये. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत १५ ऑगस्ट २०२३पासून केसपेपरसह तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत. शिवाय जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात औषधं, तपासण्या आणि ने-आण विनाशुल्क मिळते. त्यासाठी १०२ क्रमांकाची गाडी आहे.

काही बाळांत गुळणी आणि रडण्यामागे गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असते. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईनं डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन ते चार आठवडे दूध, दही, पनीर, खवा बंद करून पाहायचा आणि मग पुन्हा सुरू करून फरक बघायचा, हा प्रयोग औषधाच्या आधी करायचा असतो. खर्च जवळजवळ शून्य, पण बाळंतिणीच्या घरात तो कठीण. अळिवाची खीर बंद, म्हणजे आजीशी वाटाघाटी आल्या. अळीव लाडवातून देता येतो, कॅल्शियमची तूट नाचणी, तीळ आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी भरून निघते. चार आठवड्यांनी फरक नसेल तर आईला उगाच दुधाविना ठेवू नका.

वरचं दूध पिणाऱ्या बाळाचा हा प्रयोग मात्र महाग आहे. पाच किलोच्या बाळाला दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर दूध लागतं, म्हणजे शंभरेक ग्रॅम पावडर. ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो, महिन्याला सातआठ डबे. प्रथिनं फोडून तयार केलेल्या खास दुधाचा डबा सहसा हजार ते दोन हजारांच्या घरात असतो, तेव्हा गुणाकार तुम्हीच करा. म्हणूनच अशा दुधाची शिफारस झाली तर दोन ते चार आठवड्यांची मुदत आधी ठरवून घ्या. आणि अंगावर पिणाऱ्या बाळाला ‘गुळणी थांबेल’ म्हणून डबा लावायचं काहीच कारण नाही. १९९२चा कायदा आणि त्यातली २००३ची दुरुस्ती यांनुसार दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दुधाची आणि आहाराची जाहिरात करणं, आईला फुकट नमुने देणं, डॉक्टरांना त्यासाठी आमिष दाखवणं हा गुन्हा आहे. दवाखान्यातून कुणी ‘सँपल’ म्हणून डबा हातात ठेवला तर तो कायदा मोडतोय.

उतरत्या उशीचे १,१५० रुपये मला सगळ्यांत जास्त लागले, कारण ती नुसती निरुपयोगी नाही, धोक्याची आहे. बाळ त्यावरून घसरतं, मान छातीवर दुमडते, श्वास कोंडतो. गुळणी टाकणारं बाळही पाठीवर, सपाट आणि टणक अंथरुणावरच झोपवायचं. पाजल्यावर वीसेक मिनिटं खांद्यावर उभं धरायचं, तेही आपण जागे असताना. ग्राइप वॉटर, बाळघुटी यांवरही पैसे नकोत. सहा महिन्यांपर्यंत अंगावरच्या दुधाखेरीज पोटात काही जाऊ नये, डॉक्टरांनी सांगितलेलं औषध आणि जीवनसत्त्वाचे थेंब सोडून.

काटकसर बाजूला ठेवायचे प्रसंग वेगळे आहेत. हिरवी उलटी झाली तर त्याच तासाला रुग्णालय गाठा, आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. तीन ते सहा आठवड्यांच्या बाळाची उलटी लांब फेकल्यासारखी येऊ लागली, लगेच पुन्हा भुकेजलं, शू कमी झाली, तर जठराचं पुढचं तोंड आवळलेलं असू शकतं. तिथे सोनोग्राफीचा रुपयान् रुपया वसूल होतो आणि शस्त्रक्रियेनं बाळ बरं होतं. उलटीत किंवा शीत रक्त, ताप, टाळू फुगणं, पोट ताठ होणं, बाळ मलूल पडणं, वजन न वाढणं, किंवा गुळण्या सहा महिन्यांनंतर पहिल्यांदाच सुरू होणं, यांतलं काही दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि निघा.

औषध सुरू असेल तर हा लेख वाचून ते स्वतःहून बंद करू नका, लिहिणाऱ्या डॉक्टरांशी बोलून थांबवा. औषधानंतर काही विपरीत दिसलं तर १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय क्रमांकावर रुग्णाच्या घरच्यांनाही नोंद करता येते. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले तर औषध किंमत प्राधिकरणाचा १८००-१११-२५५ आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा १८००-२२२-३६५ हे क्रमांक आहेत.

भाचीनं वजनाचा आलेख घेऊन दुसऱ्या एका डॉक्टरीण बाईंना दाखवलं. त्यांनी आधी बाळाला पाजायला सांगितलं, समोर बसून पाहिलं आणि मग गोळी, थेंब आणि डबा तिन्ही थांबवले. फी ७०० रुपये. बाळ अजून दूध टाकतं, सहाव्या महिन्यात त्याचं वजन ७ किलो २०० भरलं. त्यानंतरची या खात्यावरची खरेदी एकच: एक डझन लाळेरी, आठवडी बाजारातून, ३०० रुपयांना.